नळाचे पाणी, बोअरचे पाणी आणि घरातला क्षार : लातूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक सॉफ्टनरची (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची) किंवा आरओची (पाणी गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राची) किंमत आधी विचारतात. आमची विनंती अशी असते की आधी पाणी तपासून घ्यावे आणि यंत्राचा विचार त्यानंतर करावा. लातूरमधील पुष्कळ घरांत एकाच तोटीतून दोन वेगळी पाणी येतात. मांजरा धरणाचे पाणी नळाला सुटते त्या दिवशी हौद त्याने भरतो, आणि पुढची पाळी येईपर्यंत त्याच हौदात बोअरचे पाणी सोडले जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या टंचाईत तर टँकर आणि बोअर यांच्यावरच घरे चालली. त्यामुळे ‘आमचे पाणी जड आहे’ असे सांगणाऱ्या ग्राहकाला आम्ही ‘कोणते पाणी, आणि कोणत्या महिन्यातले?’ असे विचारतो.

मराठवाड्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, आणि खडकाच्या भेगांतून खाली जाताना त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. ज्या पाण्यात हे क्षार जास्त असतात ते जड किंवा कठीण पाणी; त्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हटले आहे, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. धरणातील पाण्याचा मोठा भाग पृष्ठभागावरून वाहून आलेला असतो, खडकाशी त्याचा सहवास कमी काळ असतो, म्हणून ते सहसा बोअरच्या पाण्यापेक्षा कमी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण कठीणपणा, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालतो.

हा आकडा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरवर दिसत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते यावरून सर्व विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात साधे मीठ किती आणि कॅल्शियम किती, हे त्याला कळत नाही. याहून फसवा प्रयोग म्हणजे पेल्यात लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडणे. पाणी तपकिरी होते, वर गाळ तरंगतो आणि घरातील माणसे घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसून झिजणाऱ्या कांडीच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून तो पेला स्वच्छ दिसतो. असा प्रयोग पाहून कोणीही यंत्र घेऊ नये, आमच्याकडूनसुद्धा.

कठीणपणा आम्ही आपल्यासमोर मोजतो. काचेच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात बफरचे (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचे) थेंब आणि चिमूटभर निदर्शक (रंग बदलणारी पूड) टाकला की पाणी गडद लाल होते. मग वरच्या नळीतून ईडीटीएचे (कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून घेणाऱ्या रसायनाचे) द्रावण थेंबाथेंबाने सोडत फ्लास्क हलवत राहायचा. लाल रंग आधी जांभळा होतो आणि एका थेंबाला स्वच्छ निळा होतो. नेहमीच्या तीव्रतेचे द्रावण १० मिलिलिटर लागले तर कठीणपणा २००, आणि २० लागले तर ४००. ग्राहकांनी हे स्वतः पाहावे असा आमचा आग्रह असतो, कारण स्वतः पाहिलेल्या आकड्यावर निर्णय घेणे सोपे जाते.

जड पाण्याचा त्रास सर्वांत आधी स्वयंपाकघरात कळतो. लातूर ही तूरडाळीची मोठी बाजारपेठ, तरीही एकाच गिरणीची डाळ एका घरात पटकन मऊ होते आणि दुसऱ्या घरात चार शिट्ट्या जास्त घेऊनही टणक राहते. पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनशी बांधला जातो, म्हणून दाणा फुटत नाही. सोडा टाकल्याने डाळ शिजते खरी, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा डाळ भिजवणे आणि शिजवणे या दोन्हींसाठी धरणाचे पाणी वेगळे भरून ठेवणे बरे.

गिझरचा प्रश्न अधिक खर्चाचा आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून त्याचा न विरघळणारा कार्बोनेट होतो, आणि तो सर्वांत गरम जागी, म्हणजे एलिमेंटवर बसतो. कठीणपणा ४०० असेल आणि घरात रोज ६० लिटर गरम पाणी लागत असेल, तर त्या पाण्याबरोबर महिन्याला सुमारे ७०० ग्रॅम क्षार गिझरमधून जातो. त्यातला थोडाच भाग आत राहतो, पण तो दर महिन्याला राहतो. दुरुस्तीला आलेला गिझर उघडला की एलिमेंटची नळी दिसतच नाही. तिच्यावर अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे एकावर एक चढलेले असतात, आणि टाकीच्या तळाशी मूठमूठ पांढरी खपली निघते. थराखालची उष्णता बाहेर पडत नसल्याने एलिमेंट जळतो. पाणी तापताना कडकड आवाज येऊ लागला, की गिझर साफ करून घेण्याची वेळ झाली असे समजावे. थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवल्यास थर सावकाश जमतो. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अॅनोड दांडा दरवर्षी तपासून घ्यावा.

उन्हाळ्यात कूलरचेही हेच होते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो, त्यामुळे टबमधील पाणी रोज अधिक जड होत जाते व वाळ्याचे किंवा गवताचे पडदे पांढरे पडून कडक होतात. नुसते वरून पाणी न घालता आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून कोरडा करावा. डेंग्यूच्या डासांसाठीही ते आवश्यक आहे.

तोट्यांवरील डाग व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने निघतात. मात्र शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा हे चुनखडीचेच दगड आहेत. आम्ल पडले की डागाबरोबर दगडही झिजतो. बाथरूमचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मुतखड्याबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाते. केवळ जड पाणी प्यायल्याने मुतखडा होतो असे सिद्ध झालेले नाही. आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणे हे त्याहून मोठे कारण आहे, आणि त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आम्हाला खरी काळजी नायट्रेटची वाटते. शोषखड्ड्यातून आणि खतांतून ते बोअरमध्ये उतरते, त्याला रंग, वास, चव काहीच नसते, लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर ते तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते, आणि पाणी उकळल्याने त्याचे प्रमाण घटत नाही, उलट वाढते. सॉफ्टनरचा त्यावर उपयोग नाही. तुरटीचाही नाही, तुरटी फक्त गढूळपणा खाली बसवते.

सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून टीडीएस तेवढाच राहतो. ४०० कठीणपणाचे पाणी पूर्ण मऊ केल्यास लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पिऊ नये आणि तुळशीलाही घालू नये. आम्ही ही जोडणी फक्त न्हाणीघर, गिझर आणि वॉशिंग मशिनपुरती करतो. आरओ पिण्यासाठी, तोही बोअरखेरीज पाणी नसेल तेव्हाच घ्यावा, आणि त्याचे वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसण्यास किंवा संडासाला वापरावे. धरणाचेच पाणी पिणाऱ्या घराला आम्ही बहुधा आरओ विकत नाही.

तपासणीसाठी नळाचे आणि बोअरचे पाणी वेगळ्या बाटल्यांत आणावे; हौदातले मिसळलेले आणू नये. मोटार पाच मिनिटे चालू ठेवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, अर्धा लिटर पाणी काठोकाठ भरावे आणि बाटलीवर स्रोत, बोअरची खोली व तारीख लिहावी. एक नमुना मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर द्यावा. नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू यांच्या तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जावे. जंतूंच्या नमुन्याची निर्जंतुक बाटली तिथूनच घ्यावी.