जुनी जपानी स्पोर्ट्स कार घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गाडी घेऊन येणारा ग्राहक पहिला प्रश्न बहुधा इंजिनाचा विचारतो. कार्बोरेटर बदलू का, ताकद किती वाढेल, सायलेन्सर कुठला लावू. आम्ही त्याआधी गाडीखाली टॉर्च मारतो. गोव्यात जुनी जपानी गाडी इंजिनामुळे क्वचित मरते, ती पत्र्याने मरते. डॅटसन २४०झेडचं उदाहरण घ्या. १९६९ साली आलेल्या या गाडीचं २३९३ सीसीचं सहा सिलिंडर इंजिन वर्षानुवर्षं बंद राहूनही नीट सेवा केली की पुन्हा चालू होतं. बॉडी मात्र पातळ पत्र्याची, जस्ताचा मुलामा नसलेली. वेगळी चासी नाही, म्हणजे पत्रा हाच गाडीचा कणा. तो कुजला तर वरचं सगळं काम वाया.

आपल्याकडे खारा वारा आहे, जून ते सप्टेंबर पाऊस आहे आणि तिसरा शत्रू बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तांबडी माती. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) हा चिखल चाकांच्या कमानीत आणि पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो आणि त्याचा रंग हुबेहूब गंजासारखा. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, माती आहे. पाइपाने जोरात पाणी मारा, सुकू द्या, मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. बॅटरीच्या ट्रेखाली, पायाखालच्या फरशीत, मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि विंडशील्डखालच्या पाणी जायच्या वाटांत हे आधी करा. त्या वाटा पानांनी बुजलेल्या असतात. वाडीत माडा-फणसाखाली उभ्या असलेल्या गाडीत तर हमखास.

सोबत एक छोटं लोहचुंबक ठेवा. जिथे ते पकड सोडतं तिथे आत पुट्टी (खड्डे भरायचा लेप) आहे. आमच्याकडे आलेल्या एका टोयोटा सेलिकाच्या दाराखाली बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्यामागे पत्राच नव्हता. वरचा रंग इतका सुंदर होता की मालकाला पटवायला आम्हाला तो तुकडा काढून त्याच्या हातात द्यावा लागला.

घरी काय करता येईल? बरंच काही. नट-बोल्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या धुण्याचा सोडा (वॉशिंग सोडा) घातलेल्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जर लावला की त्यांचा गंज निघतो. जुना लोखंडी तुकडा धन टोकाला, तुमचा भाग ऋण टोकाला. स्टेनलेस स्टील धन टोकाला कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन वायू सुटतो. जवळ विडी-काडी नको. कापणं, वेल्डिंग आणि नवा पत्रा बसवणं मात्र आमच्यावर सोडा. आधी बॉडीला आतून आधार न देता फरशी कापली तर दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत.

रंगाबद्दल आमचा अनुभव प्रामाणिकपणे सांगतो. एका ग्राहकाला चवथीला गाडी हवी होती म्हणून आम्ही श्रावणात रंग मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेटवर दुधाळ साय धरली होती. हवेतली ओल सुकत्या रंगात शिरली होती. सगळा रंग खरवडून आम्ही तो नोव्हेंबरात स्वखर्चाने पुन्हा मारला. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही बाहेरचा रंग घेत नाही, कितीही घाई असली तरी. घरातल्या पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) तयारी मे महिन्यात करतो तशीच गाडीचीही करा: उघडा पत्रा इपॉक्सी प्रायमरने झाका, पोकळ भागांत मेणाचा फवारा मारा, पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. पावसाळा इंजिन, ब्रेक आणि वायरिंगच्या कामासाठी ठेवा. ताडपत्री थेट गाडीवर घालू नका, खाली वारा खेळला पाहिजे.

हत्यारांतली एक गोष्ट कुणी सांगत नाही. जपानी गाडीतले फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. आपला नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. कार्बोरेटरचे पितळी स्क्रू असेच बरबाद होतात. जेआयएसचा एक संच घ्या, आयुष्यभर पुरेल. पान्यांचंही तसंच: जपानी ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं १२ चं, आपल्या बाजारातल्या बऱ्याच बोल्टांचं १३ चं. एकाच ठिकाणी १२ आणि १३ दोन्ही लागले तर समजा, आधी कुणाचा तरी हात लागलाय.

आता पेट्रोल. पंपावर आज २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि टाकी आतून गंजते. जुने रबरी होज फुगतात, मऊ पडतात, चिरतात. गरम एक्झॉस्टजवळ गळणारा होज म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून अपग्रेडच्या यादीत आमच्या मते हे पहिलं: सगळे होज इंधन-इंजेक्शनच्या दर्जाचे घाला, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई आणि सील इथेनॉल सोसणारे घ्या, टाकी साफ करून घ्या. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, त्यामुळे कार्बोरेटरही पुन्हा जुळवावा लागतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा.

ब्रेकचं ऑइल हवेतली ओल पितं, वर्षातून एकदा बदला. ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहत असेल तर कॅलिपर उघडण्याआधी रबरी ब्रेक होज बघा. बाहेरून चांगले दिसतात, आतून सुजलेले असतात. टायरवर चार अंकी तारीख असते, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचा टायर चोर्ल्याच्या घाटात नेऊ नका.

वायरिंगमध्ये २४०झेडची एक जुनी खोड आहे. हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि स्विच तापून जळतो. रिले (तो प्रवाह स्वतः झेलणारे वेगळे स्विच) घातले की स्विच वाचतो आणि उजेड वाढतो. खर्च थोडा, फरक रात्री लगेच कळतो. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यांत्रिक पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन हवं असेल तर नंतरच्या डॅटसन २८०झेडएक्सचा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) यात बसतो. बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशन कॉइलचा प्रवाह कमी करणारा भाग) तेवढा बायपास करा. पॉइंट डब्यात जपून ठेवा. आमचा नियम असा: जे परत काढता येईल तेच घाला. ऑइल २०डब्ल्यू-५०, झिंक जास्त असलेलं घ्या. २४०झेडच्या इंजिनातल्या कॅमला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) ते लागतं. रोटरी इंजिनाची मझदा आरएक्स-७ असेल तर ते इंजिन घरी खोलू नका. त्याला वेगळी हत्यारं आणि वेगळा हात लागतो.

मोठ्या बदलाआधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, दुसरं इंजिन त्यात आलंच. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे तुमची २४०झेड त्या वयाची असेल तर मूळ इंजिन काढून दुसरं घालण्याआधी शंभरदा विचार करा. आम्ही तरी तसं काम नाकारतो.

पहिली पाहणी आम्ही तुमच्या अंगणात येऊन करतो आणि कुठलं काम तुम्ही करावं, कुठलं आम्ही, हे कागदावर लिहून देतो. गाडी वर्कशॉपमध्ये आणाल तेव्हा आरसी, प्रत्येक भाग काढण्याआधी काढलेले फोटो आणि काढलेले सगळे जुने भाग सोबत आणा. कितीही गंजलेला ब्रॅकेट असला तरी भंगारात टाकू नका. नवा बनवताना माप त्याच्यावरूनच घ्यावं लागतं.