कव्हर गायन (बीटल्सची गाणी)

एका गायकाने किंवा वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित करून लोकांपर्यंत पोचवलेले गाणे दुसऱ्याने पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करणे किंवा मंचावर सादर करणे, यास कव्हर गायन म्हणतात. लिव्हरपूलहून पुढे आलेल्या बीटल्स या वाद्यवृंदाची, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांची गाणी जगभर असंख्य वेळा पुन्हा गायली गेली असून, त्यांपैकी ‘यस्टरडे’ (१९६५) हे गाणे सर्वाधिक वेळा ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांत गणले जाते. यांतील बहुतेक कव्हर गाणी विस्मरणात गेली. मोजकी काही मात्र मूळ गाण्याच्या बरोबरीला आली आणि त्याहूनही थोडी अशी आहेत की ज्यांच्यामुळे मूळ गाणेच कच्चा खर्डा वाटू लागते. या नोंदीत मुख्यतः अशा मोजक्या गाण्यांचा विचार केला असून, तो नागपूरच्या श्रोत्यांच्या कानाला सवयीच्या असलेल्या गायनपरंपरांच्या आधारे केला आहे.

दुसऱ्याचे गाणे गाण्याच्या दोन रीती नागपुरात शेजारी शेजारी नांदतात. पहिली रीत ऑर्केस्ट्राची, आणि अलीकडे कराओके मंडळांची. मोहम्मद रफी, किशोरकुमार, लता मंगेशकर यांच्या जयंती-पुण्यतिथीच्या सुमारास शहरातील सभागृहांत हौशी गायकांचे कार्यक्रम होतात आणि तेथे दाद मिळते ती ‘हुबेहूब’ गाण्याला. मूळ गाण्यातली हरकत, श्वासाची जागा, अंतऱ्यानंतरचा व्हायोलिनचा तुकडा यांत फरक पडला की जाणकार श्रोता लगेच कुजबुजतो. दुसरी रीत नाट्यसंगीताची. नाट्यपदात चाल आणि शब्द ठरलेले असले तरी गायकाने पद आपल्या घराण्याच्या अंगाने फुलवावे, अशीच अपेक्षा असते आणि आधीच्या गायकाची केवळ नक्कल करणारा तेथे दुय्यम मानला जातो. नागपुरात संगीताचे धडे घेतलेले डॉ. वसंतराव देशपांडे मास्टर दीनानाथ मंगेशकरांना आदर्श मानत, परंतु त्यांची गायकी दीनानाथांची प्रत नव्हती. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला वसंतरावांचे नाव आहे, आणि त्याच सभागृहात हुबेहूब गाण्याचे कार्यक्रमही रंगतात, हे या शहराच्या रुचीचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

नाट्यसंगीताच्या या दृष्टीचा सर्वांत स्पष्ट नमुना नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात सापडतो. डिसेंबर १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकात जितेंद्र अभिषेकी यांनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधले. नाटकातील दोन प्रतिस्पर्धी गायकांपैकी पंडितजींची चाल संथ आणि चिंतनशील, तर खाँसाहेबांची द्रुत आणि आक्रमक. शब्द तेच असताना दोन घराण्यांचे स्वभाव समोरासमोर उभे राहतात, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतरावांनी गायलेली चाल ऐकून कोणती मूळ आणि कोणती नंतरची, हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ हा संग्रह त्याच वर्षी प्रकाशित झाला होता. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि या संग्रहातील एका गाण्याचे पुढे जे झाले, ते समजून घ्यायला ‘कट्यार’चा श्रोता अधिक तयार असतो.

ते गाणे म्हणजे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’. लेनन आणि मॅकार्टनी यांनी ते ढोलवादक रिंगो स्टारसाठी लिहिले. रिंगोचा आवाज मर्यादित पल्ल्याचा असल्यामुळे चाल मोजक्या सुरांत फिरती ठेवली गेली आणि शेवटी एकच वरचा सूर आला, जो लावायलाही तो कचरत होता. इतर सोबती प्रश्न विचारतात आणि रिंगो साध्या, किंचित खोडकर आवाजात उत्तरे देतो, अशी या गाण्याची सवालजवाबी रचना आहे. गाणे गोड आहे, पण हलकेफुलके आहे; पावणेतीन मिनिटांत ते संपते आणि संग्रहातल्या पुढच्या गाण्याला वाट करून देते.

इंग्लंडमधील शेफील्डच्या जो कॉकर या गायकाने १९६८ मध्ये हेच गाणे घेतले आणि सर्वप्रथम त्याचा ठेका बदलला. आपल्या परिभाषेत सांगायचे तर केरव्याच्या (आठ मात्रांच्या तालाच्या) सरळ चालीतले गाणे त्याने दादऱ्याच्या (सहा मात्रांच्या तालाच्या) झोक्यावर आणले आणि लयही बरीच खाली ओढली. या एका निर्णयाने सगळेच बदलले. ओळींच्या मधे मोकळी जागा निर्माण झाली, त्या जागेत ऑर्गनचे गंभीर सूर आणि जिमी पेज याचे गिटार आले, प्रश्न विचारण्याचे काम चर्चमधील वृंदगानाच्या थाटात गाणाऱ्या स्त्रियांकडे गेले, आणि रिंगोने सहज दिलेली उत्तरे कॉकरच्या घोगऱ्या, फाटत जाणाऱ्या आवाजात आर्जव होऊन आली. मूळ गाण्यात मित्रांची मदत ही सोय आहे, तर कॉकरच्या गाण्यात ती मिळाली नाही तर माणूस उभा राहू शकणार नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये हे गाणे ब्रिटनच्या विक्री-क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचले आणि ऑगस्ट १९६९ मधील अमेरिकेतील वुडस्टॉक संगीत महोत्सवात कॉकरने ते गायल्यावर लोकांच्या मनात ते त्याचेच झाले. मॅकार्टनी यानेही या गायनाबद्दल कॉकरचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. कव्हर मूळ गाण्यावर मात करू शकते काय, या वादात सर्वांत आधी हेच उदाहरण पुढे येते, आणि ते रास्तच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती अशी की कॉकर रिंगोपेक्षा ‘चांगला गायला’ म्हणून जिंकला नाही. चांगला आवाज असलेल्या शेकडो गायकांनी बीटल्सची गाणी नीटनेटकी गायली आणि ती कोणालाही आठवत नाहीत. मूळ गाण्यातला एखादा खांबच हलवावा लागतो. तो ठेक्याचा असेल, गाणे कोणाच्या तोंडी आहे याचा असेल, किंवा वाद्यमेळाचा असेल. दुसरी अट अशी की मूळ गाण्याने ती जागा मोकळी सोडलेली असावी.

बीटल्सनी स्वतः हे दुसऱ्यांच्या गाण्यांवर केले होते, हे पुष्कळदा विसरले जाते. त्यांच्या ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३) या पहिल्या संग्रहातील १४ गाण्यांपैकी ६ इतरांची होती. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे त्यांतले अखेरचे. अमेरिकेतील आयस्ली ब्रदर्स या कृष्णवर्णीय गायकांनी ते १९६२ मध्ये लोकप्रिय केले होते आणि त्यांच्याही आधी ते दुसऱ्या गटाने गायले होते. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत दिवसभर ध्वनिमुद्रण झाल्यावर, सर्दीने घसा बसलेल्या लेननने हे गाणे शेवटी एका दमात गायले. तो खरवडलेला आवाज पुन्हा मिळणे शक्य नव्हते. आज बहुतेक श्रोते हे गाणे बीटल्सचेच समजतात.

अमेरिकन कृष्णवर्णीय संगीतातून उचललेले हे देणे काही वर्षांत परत फिरले. अमेरिकन कृष्णवर्णीय गायिका अरीथा फ्रँकलिन हिने बीटल्सचे ‘एलिनॉर रिग्बी’ गाताना केलेला बदल वरवर पाहता एका शब्दाचा आहे. १९६६ च्या मूळ गाण्यात एकाकी स्त्रीची कथा बाहेरून, त्रयस्थाच्या नजरेने सांगितली आहे. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढीच साथ असून बीटल्सपैकी कोणीही त्यात वाद्य वाजवलेले नाही. अरीथाने १९६९ मध्ये तीच कथा प्रथमपुरुषी केली, म्हणजे एलिनॉर मीच, असे ती गाते, आणि मागे गॉस्पेलचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांचा, दणकट ठेका ठेवते. हे धाडस थक्क करणारे आहे. तरीही मूळ गाण्याचे मर्म त्याच्या कोरडेपणात आहे, त्या बाईचे दुःख कोणाच्याच लक्षात येत नाही यात आहे. अरीथाच्या आवाजात ते दुःख इतक्या जोमाने व्यक्त होते की ते दुर्लक्षित राहील हे पटत नाही. म्हणून हे गायन तोडीस तोड ठरते, वरचढ नाही. तिचे ‘लेट इट बी’ मात्र ‘मूळ’ या कल्पनेलाच अडचणीत आणते, कारण तिचे ध्वनिमुद्रण जानेवारी १९७० मध्ये बाजारात आले आणि बीटल्सचे त्यानंतर, मार्चमध्ये.

अमेरिकन कृष्णवर्णीय गायक विल्सन पिकेट याने बीटल्सचे ‘हे जूड’ हे गाणे १९६८ च्या अखेरीस, म्हणजे मूळ गाणे नवेकोरे असतानाच, अलाबामातील मसल शोल्स येथे गायले. बीटल्सच्या गाण्याच्या उत्तरार्धात एकच पालुपद वृंदाने मिनिटामागून मिनिटे घोळवले जाते. पिकेटने तेथे ड्वेन ऑलमन या तरुणाच्या गिटारला आपल्या आरोळ्यांशी झुंजायला सोडले. गाण्याचा हा शेवट मूळ शेवटापेक्षा सरस आहे, पूर्वार्ध मात्र नाही. स्टीव्ही वंडर याचे ‘वुई कॅन वर्क इट आउट’ (१९७०) समजुतीच्या गाण्याला नाचरे करते. व्यापारी यशाच्या दृष्टीने सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एल्टन जॉनचे ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’. १९७४ मधील हे ध्वनिमुद्रण पुढील वर्षाच्या आरंभी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि लेनन स्वतः त्यात सहभागी होता; परंतु विक्रीचा आकडा आणि गाण्याचा कस या वेगळ्या गोष्टी आहेत. ऋषीकेश येथील महेश योगींच्या आश्रमातील मुक्कामात, ध्यानासाठी खोलीत कोंडून घेतलेल्या प्रूडन्स फॅरो हिला उद्देशून लेननने रचलेले ‘डिअर प्रूडन्स’ हे गाणे सूझी अँड द बॅनशीज या ब्रिटिश वाद्यवृंदाने १९८३ मध्ये धूसर आणि गूढ करून गायले व ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले.

काही गाणी मात्र कव्हरला दादच देत नाहीत. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ (१९६७) हे गाणे लय आणि स्वर दोन्ही वेगळे असलेल्या दोन ध्वनिमुद्रणांचे तुकडे, फितींची गती कमीजास्त करून, जोडून तयार झाले. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांचे ते कसब आहे. लेननचा आवाज त्यात जो किंचित परका लागतो, तो या जोडकामामुळे. अशा गाण्याची चाल गाता येते, पण गाणे हाती लागत नाही, कारण ते चालीत कमी आणि फितीत जास्त आहे. नागपुरातील कराओके गायकाला या अडचणीची दुसरी बाजू चांगली ठाऊक असते: ट्रॅकमध्ये, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीत, वाद्यमेळ मुळाबरहुकूम, लय ठरलेली, पट्टी फार तर थोडी वरखाली करता येते. ठेका बदलण्याची मुभाच नसल्यामुळे कॉकरने जे केले ते ट्रॅकवर अशक्य आहे, आणि हुबेहूब गाण्याची कसोटी या साधनाने अधिकच पक्की केली आहे.

भारतात बीटल्सची छाया प्रथम चित्रपटगीतांवर पडली. ‘जानवर’ (१९६५) या चित्रपटातील ‘देखो अब तो’ हे शंकर-जयकिशन यांचे गाणे ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’च्या चालीवर आहे, ते कव्हर नसून उचल आहे, आणि मूळ गाण्याशी स्पर्धा करण्याचा त्याचा दावाही नाही. खरे कव्हर म्हणावे असे काम सतारवादक आनंद शंकर यांनी १९७० च्या आपल्या संग्रहात केले, पण तेथे सतारीवर घेतलेली गाणी रोलिंग स्टोन्स आणि डोअर्स या पाश्चात्त्य वाद्यवृंदांची होती. कॅसेटच्या काळात, १९८० नंतर, गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजने जुन्या चित्रपटगीतांची नव्या गायकांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे स्वस्तात घरोघर पोचवली. नागपुरातही एका पिढीने रफींची कित्येक गाणी आधी या कॅसेटींवर ऐकली आणि मूळ ध्वनिमुद्रणे नंतर. इंग्रजी गाण्यांची कव्हर शहरात मुख्यतः महाविद्यालयीन वाद्यवृंदांकडून, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांत आणि धरमपेठ-रामदासपेठ परिसरातील कॅफेंत ऐकू येतात. तेथेही गिटारचा तुकडा जसाच्या तसा वाजला की टाळी पडते.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-सी नुसार, गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झालेल्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्यावर, पूर्वसूचना देऊन आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वशुल्क भरून कोणालाही त्याचे कव्हर ध्वनिमुद्रित करता येते. मात्र शब्दांत किंवा संगीतात, मालकाच्या संमतीने पूर्वी झालेला अथवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असा बदल वगळता, अन्य बदल करता येत नाही. अमेरिकेतील सक्तीच्या परवान्यात (मालकाच्या संमतीविना, शुल्क भरून कव्हर करण्याच्या तेथील तरतुदीत) गायकाला आपल्या शैलीनुसार मांडणी करण्याची सवलत आहे, जरी मूळ चाल व गाण्याची प्रकृती राखण्याची अट तेथेही आहे. म्हणजे केरव्याचे गाणे दादऱ्यात आणू पाहणाऱ्या नागपूरच्या वाद्यवृंदाला ते या कलमाखाली ध्वनिमुद्रित करण्याऐवजी मालकाची संमती घेणेच सुरक्षित ठरते. ‘संगीत सौभद्र’ (१८८२) मधील पदांना ही अडचण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या निधनाला ६० वर्षे केव्हाच उलटल्यामुळे ती कोणीही, कोणत्याही ठेक्यात बांधावीत. लेनन-मॅकार्टनी यांच्या गाण्यांत ही मुदत दोघांपैकी शेवटच्याच्या मृत्यूपासून मोजायची असल्याने ती अजून सुरूच झालेली नाही.