कॉर्निया आजारी असताना मोतीबिंदूचा अंदाज का हुकतो : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

निरोगी डोळ्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची असेल, तर नंतर चष्म्याचा नंबर किती राहील हे बसवायच्या कृत्रिम लेन्सची शक्ती काढणारी आजची सूत्रं दहापैकी सात-आठ जणांच्या बाबतीत अर्ध्या डायॉप्टरच्या (चष्म्याच्या नंबराचं एकक) आत सांगतात. केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा होण्याचा आजार, असलेल्या डोळ्यात मात्र त्याच सर्जनचा, त्याच यंत्रावरचा अंदाज दोन-तीन डायॉप्टरने हुकू शकतो, आजार फार वाढलेला असेल तर त्याहूनही जास्त. यात शस्त्रक्रियेत काही चुकलेलं नसतं. सगळ्या गणिताच्या तळाशी एक गृहीतक बसलेलं आहे : कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक थर, सर्वांचा साधारण एकाच घडणीचा असतो. आजारी कॉर्निया नेमका तिथेच वेगळा असतो.

हे गृहीतक एकोणिसाव्या शतकातलं आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या दशकात कॉर्नियाची वक्रता मोजण्याचं यंत्र तयार केलं. जावाल आणि शोत्झ यांनी १८८१ मध्ये ते दवाखान्यात वापरता येईल असं सोपं केलं. या केराटोमीटरमध्ये प्रकाशाच्या दोन आकृत्या कॉर्नियावर टाकतात, एक लाल, एक हिरवी पायऱ्यांची. त्यांची प्रतिबिंबं एकमेकांना टेकेपर्यंत सरकवायची आणि वक्रता वाचायची. चांगल्या कॉर्नियावर या आकृत्यांच्या कडा रेखीव दिसतात. व्रण असलेल्या किंवा वेड्यावाकड्या कॉर्नियावर त्या फाटतात, तिरप्या होतात, आणि मोजणाऱ्याला त्यातल्या त्यात बरी जुळणी पकडावी लागते. आकडा दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे छापला जातो, ही माझ्या मते या इतिहासातली सर्वांत धोक्याची गोष्ट.

शिवाय हे यंत्र मधल्या सुमारे तीन मिलिमीटरच्या वर्तुळावरचे मोजके बिंदूच वाचतं, आणि तेही फक्त पुढच्या पृष्ठभागाचे. मागचा पृष्ठभाग त्याला दिसतच नाही. तो पुढच्याशी ठरावीक प्रमाणात असणार असं धरून १.३३७५ हा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा) वापरात आला. खऱ्या कॉर्नियाचा अपवर्तनांक १.३७६ च्या आसपास आहे. १.३३७५ घेतला की साडेसात मिलिमीटर त्रिज्येला बरोबर ४५ डायॉप्टर मिळतात. ही सोय पुढे शंभर वर्षं टिकली.

कृत्रिम लेन्स आली तेव्हा ही मापं अचानक मोलाची ठरली. हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिली लेन्स बसवली. लेन्स जागेवर बसली, पण तिची शक्ती फार जास्त निघाली आणि रुग्णाला मोठा मायनस नंबर आला. पुढे बराच काळ जवळजवळ सर्वांना १८ डायॉप्टरच्या आसपासचीच लेन्स बसवत, फार तर आधीच्या चष्म्यावरून थोडा फेरफार करत. रशियातल्या फ्योदोरोव यांनी १९६७ मध्ये डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता यांवरून शक्ती काढण्याचं सूत्र मांडलं. १९८० मध्ये सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांचं सूत्र आलं : लेन्सच्या स्थिरांकातून लांबीची अडीच पट आणि वक्रतेची ०.९ पट वजा करायची. १९९९ मध्ये प्रकाशाने लांबी मोजणारं आयओएलमास्टर आलं आणि लांबीतली चूक जवळपास संपली. उरली ती कॉर्नियाची.

फ्योदोरोव यांचं नाव इथे पुन्हा येतं. १९७० च्या दशकात त्यांनीच कॉर्नियावर चाकांच्या आऱ्यांसारखे छेद घेऊन मायनस नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया लोकप्रिय केली. म्हणजे ज्यांनी लेन्सचं गणित उभं केलं, त्यांच्याच दुसऱ्या कामातून त्या गणितात न बसणारे हजारो डोळे तयार झाले. या लोकांना वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला, सूत्राप्रमाणे लेन्स बसवली आणि कितीतरी जणांना अनपेक्षित प्लस नंबर आला. नंतर लेसरने कॉर्नियाला आकार देण्याची पद्धत आली आणि प्रश्न आणखी मोठा झाला. लेसर पुढचा पृष्ठभाग सपाट करतो, मागचा तसाच राहतो, त्यामुळे १.३३७५ मागचं प्रमाणच मोडतं. वर, कॉर्निया सपाट म्हणजे नवी लेन्स पुढे बसेल असा चुकीचा निष्कर्ष काही सूत्रं काढतात आणि शक्ती आणखी कमी सुचवतात. सुरुवातीला उपाय होता लेसरच्या आधीचे कागद शोधून गणित दुरुस्त करण्याचा. पुढच्या तुलनांमध्ये मात्र जुन्या नोंदींवर विसंबणाऱ्या पद्धतींपेक्षा आत्ताच्या मापांवर चालणाऱ्या पद्धती सरस ठरल्या.

या सगळ्या धडपडीचा फायदा केराटोकोनसच्या रुग्णांना झाला, पण फार उशिरा. नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्येच या आजाराचं सविस्तर वर्णन केलं होतं : कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. केराटोमीटर तिथे ५५, ६० डायॉप्टर दाखवतो. सूत्र ते खरं मानतं आणि कमी शक्तीची लेन्स सुचवतं. पण मागचा पृष्ठभागही तितकाच, कधी त्याहून जास्त फुगलेला असतो आणि पुढच्या शक्तीतला बराच भाग तो खाऊन टाकतो. शिवाय शंकूचं टोक नजरेच्या रेषेवर असेलच असं नाही. परिणाम : रुग्ण प्लसमध्ये जातो. मागचा पृष्ठभाग प्रत्यक्ष दाखवणारी शाइमफ्लुग यंत्रं या शतकाच्या सुरुवातीला रुळली, आणि केराटोकोनससाठी खास बदललेलं केन यांचं सूत्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. चूक कमी झाली, पण वाढलेल्या आजारात अंदाज अजूनही सैलच आहे.

फुक्स डिस्ट्रॉफीत प्रश्न वेगळाच : शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया तग धरेल का? अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये या आजाराची नोंद केली. कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी पाणी बाहेर उपसत असतात. त्या गेल्या की परत येत नाहीत, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत थोड्या जातातच. १९६८ मध्ये डेव्हिड मॉरिस यांच्या स्पेक्युलर मायक्रोस्कोपने त्या जिवंत डोळ्यात मोजता येण्याची वाट उघडली. मग कॉर्निया सुजून किती जाड झाला की धोका मानायचा याचा निकष आला, आधी ६०० मायक्रॉन, २००५ च्या सुमारास ६४०. पण मुळातच जाड कॉर्निया असलेल्या माणसाला आणि सुजेने जाड झालेल्याला एकच आकडा लावणं बरोबर नव्हतं. २०१९ पासून कॉर्नियाच्या नकाशातल्या खुणा पाहण्यावर भर आला : जाडीच्या समरेषा (सारख्या जाडीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) बिघडल्यात का, सर्वांत पातळ बिंदू सरकलाय का, मागचा पृष्ठभाग आत दबलाय का. त्याहून जुना आणि आजही कामाचा एक प्रश्न आहे : सकाळी उठल्यावर धूसर दिसतं आणि दुपारपर्यंत निवळतं का? रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी सूज जास्त असते. हे विचारायला यंत्र लागत नाही, पण विचारायचं राहून जातं.

कॉर्निया बदलावाच लागला तर? पूर्ण जाडीचा कॉर्निया आणि लेन्स एकाच वेळी बसवण्याची पद्धत १९७० च्या दशकात रुळली, पण टाके निघेपर्यंत नव्या कॉर्नियाची वक्रता कळत नसल्याने नंबर कुठेही जाई. मेलेस यांनी फक्त आतला थर बदलण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि अंदाजाला आधार मिळाला. सर्वांत पातळ थर वापरला तर नंबर सहसा अर्ध्या डायॉप्टरच्या आतबाहेर प्लसकडे सरकतो, जाडसर थराने एक-दीड डायॉप्टर. तेवढं मायनस आधीच धरून लेन्स निवडता येते.

कोरडेपणा, कॉर्नियावर चढणारा मांसल पडदा (टेरिजियम) किंवा वरच्या थरातल्या गाठी यांची गोष्ट थोडक्यात संपते : आधी त्यावर उपचार, पृष्ठभाग स्थिर होऊ द्यायचा, मगच मापं.

धूसरपणातला किती वाटा मोतीबिंदूचा आणि किती कॉर्नियाचा, हे ओळखणं सर्वांत अवघड. १९८० च्या दशकात त्यासाठी बारीक झरोक्यातून दृष्टिपटलावर अक्षरांचा तक्ता टाकणारं यंत्र आलं. पण साधी कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहणं मला जास्त बोलकं वाटतं. ती आणि अश्रूंचा थर मिळून कॉर्नियाचा खडबडीतपणा झाकतात. दृष्टी एकदम सुधारली तर दोष बराचसा कॉर्नियाच्या आकाराचा आहे आणि मोतीबिंदू काढून तो जाणार नाही.

टॉरिक लेन्सचा, म्हणजे सिलिंडर (कॉर्नियाच्या दोन दिशांतल्या असमान वक्रतेचा नंबर) घालवणाऱ्या लेन्सचा, निर्णयही यावरच ठरतो. मोतीबिंदूच्या आधी साध्या चष्म्याने चांगलं दिसत असेल आणि केराटोकोनस बरीच वर्षं स्थिर असेल, तर ती विचारात घेता येते. शस्त्रक्रियेनंतरही कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरायचीच असेल तर टॉरिक टाळावी, कारण कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियाचा सिलिंडर झाकते आणि आतल्या लेन्सचा सिलिंडर उघडा पडतो. म्हणून लेन्स ठरवण्याआधी रुग्णाला हे विचारायलाच हवं.