लांडोरीचे कान आणि डोळे

‘मोर ब्रह्मचारी असतो, लांडोर त्याचे अश्रू पिऊन गर्भार राहते’ ही जुनी समजूत २०१७ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी वार्ताहरांपुढे बोलून दाखवली आणि देशभर हशा पिकला. मोराचे मीलन इतर पक्ष्यांसारखेच होते. फक्त ते काही सेकंदांत उरकते, त्यामुळे फारसे कुणाच्या नजरेस पडत नाही. त्याआधीची लांडोरीची पारख मात्र निवांत चालते.

सुरुवात कानांपासून. लांडोरीवर झेप घेताना मोर एक खास हाळी देतो आणि ती दूरवर ऐकू जाते. गंमत म्हणजे आसपास लांडोर नसतानाही काही मोर तीच हाळी ठोकून देतात! रॉझलिन डेकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी या संशोधकांनी २०१४ साली दाखवले, की अशा हाळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश खोट्या होत्या. तरी लांडोरी येतात. आवाज गिऱ्हाईक दारापर्यंत आणतो. सौदा ठरतो पुढे, पिसाऱ्यासमोर.

तिथेही ती भाळून वगैरे जात नाही. जेसिका योर्झिन्स्की या संशोधिकेने लांडोरींच्या डोक्यावर नजरेचा माग काढणारे छोटे कॅमेरे बसवले. मोर जीव तोडून नाचत असतानाही लांडोर बराच वेळ भलतीकडेच पाहत होती, आणि पाहिलेच तर पिसाऱ्याच्या खालच्या भागाकडे. मोराने पिसे थरथरवली, की मात्र नजर वळायची.

ही थरथर मला सगळ्यात आवडते. पिसारा म्हणजे मोराचे शेपूट नव्हे. खरे शेपूट त्याच्यामागे, आखूड आणि ताठ. ते पिसाऱ्यावर सेकंदाला सुमारे २५ वेळा आपटते आणि सळसळ उठते. हा आकडा उगाच आलेला नाही. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला, की थोड्या जोरात मोठा झोका मिळतो. पिसाराही लवचीक, त्याचीही स्वतःची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती वेळा सहज हलायचे याचा ठरलेला वेग, असते, आणि मोर जवळपास त्याच वारंवारतेने तो हलवतो. याला अनुनाद म्हणतात. आता पिसावरचा ‘डोळा’ पाहा. त्यातले तंतू सूक्ष्म हुकांनी एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, भोवतालचे सुटे. म्हणून सुटे तंतू झिलमिलतात आणि डोळा त्यांच्या मधोमध जवळजवळ स्थिर, हवेत टांगल्यासारखा दिसतो. एकाच हालचालीतून आवाजही निघतो आणि देखावाही उभा राहतो.

लांडोरीच्या डोक्यावरच्या तुऱ्याची नैसर्गिक वारंवारताही याच आकड्याच्या आसपास निघाली, आणि सळसळीचे ध्वनिमुद्रण लावल्यावर तुरा कंप पावला. तेवढ्यावरून ‘लांडोर तुऱ्याने ऐकते’ असे ठोकून द्यायचा मोह होतो. पण हा प्रयोग सुट्या तुऱ्यांवर झाला होता. त्यांखाली लांडोर नव्हती.