धक्का आणि धास्ती

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला विचारा, भीती नेमकी कुठे वाटते. बॅटरीच्या उजेडात समोर साप दिसला तर तो थबकतो, दोन पावलं मागे सरतो, काठी आपटतो. काय करायचं ते त्याला ठाऊक असतं. खरी धास्ती त्याच्या आधीची. पायाखाली वाळक्या पानांचा खच, त्यात ठिबकच्या नळ्या, आणि स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडायला पुढे केलेला हात. पेटीत काही असेल, नसेल. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या मळ्यात निघालेला नाग तेवढ्यात आठवतो आणि तळहाताला घाम फुटतो.

हा घाम प्रयोगशाळेत मोजून झाला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचा. त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा खराखुरा, दुखेल असा झटका. साप निघण्याची शक्यता मधूनमधून बदलत राहायची. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्यावर दिसलं ते असं, की झटका शंभर टक्के बसणार हे माहीत असताना माणसं तुलनेने शांत होती. सगळ्यात जास्त ताण होता तो शक्यता निम्मीनिम्मी असताना.

सिनेमातली धास्ती याच जातीची असते. मात्र नुसत्या अंधाराने ती येत नाही, त्यासाठी प्रेक्षकाला आधी काहीतरी माहीत असावं लागतं. नाग निघाल्याचं ठाऊक नसलेला पाहुणा तीच पेटी बिनधास्त उघडेल. आल्फ्रेड हिचकॉकने १९६१ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेल्या एका भागात लहान मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागतं. त्याला ते खेळण्यातलं वाटतं आणि तो गावभर लोकांवर नेम धरत हिंडतो. ते खरं आहे हे आपल्याला माहीत असतं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या युरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी हा भाग लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून दाखवला. मेंदूच्या बाह्य आवरणाच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात सगळ्यांच्या हालचाली एकाच लयीत चालल्या होत्या. एका बागेत कॅमेरा नुसता चालू ठेवून घेतलेलं दृश्य दाखवलं तेव्हा हा आकडा ५ टक्क्यांच्या आत राहिला. कलाटणी नाही, भूत नाही. फक्त प्रेक्षकाला पात्रापेक्षा थोडं जास्त माहीत आहे, एवढ्यावर हा भाग उभा आहे.

कलाटणीला मात्र याच्या नेमकं उलट हवं असतं. तिथे प्रेक्षकाला कमी माहीत असावं लागतं. खरी ओढाताण इथे आहे आणि थरारपटांवरच्या गप्पांत ती क्वचितच कुणी बोलून दाखवतं. शेवटच्या पाच मिनिटांसाठी दिग्दर्शक जी गोष्ट दडवतो, ती आधीच सांगितली असती तर तिच्यावर तासभर धास्ती पोसता आली असती. दडवलेल्या प्रत्येक माहितीची किंमत धास्तीतून वळती होते. ती किंमत वसूल झाली का, एवढाच प्रश्न कलाटणीला विचारायचा.

धक्क्यांचेही प्रकार आहेत. खिडकीतून अचानक हात येतो आणि कर्कश आवाज होतो, तेव्हा आपण दचकतो. कथा समजायच्या आत पापण्या मिटलेल्या असतात. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना भयपट दाखवून मेंदू तपासले. भीती हळूहळू चढत होती तेव्हा पाहण्या-ऐकण्याचे भाग सावध होत गेले. अचानक धक्का बसला तेव्हा भावना, धोक्याचा अंदाज आणि निर्णय यांच्याशी संबंधित भाग उसळले. कलाटणी या दोन्हींहून वेगळी. ती कधीकधी आवाजही न करता येते, आणि हलवते ती आपली समजूत.

भुसावळला गणपतीत गल्लीत पडदा बांधून सिनेमे लावायचे. पडद्याच्या कडेला उभं राहून मी बसलेल्यांचे चेहरे बघायचो. धास्तीच्या प्रसंगात शेंगदाण्याच्या पुडीत गेलेले हात पुडीतच थांबायचे, सगळ्यांचे डोळे एका जागी, कुणी शेजाऱ्याकडे बघायचंही नाही. कलाटणी आली की उलट: माना फटाफट एकमेकांकडे वळायच्या. ‘तो ते मरेल व्हता!’ मागून कुणी तरी ओरडायचं आणि मग पुढची दोन मिनिटं गल्लीभर कालवा. कोण कधी कुठे बसलं होतं, कोण कोणाशी बोललंच नव्हतं, याची उजळणी सुरू. धास्तीत माणूस पुढे काय होईल ते बघतो. कलाटणीनंतर तो मागे वळतो.

हे मागे वळणं मेंदूत दिसतं का? त्यासाठी झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. तो ‘द सिक्स्थ सेन्स’ या १९९९ च्या सिनेमावर झाला. तुम्ही हा सिनेमा पाहिला नसेल आणि पाहायचा असेल तर हा उरलेला परिच्छेद आणि पुढचे दोन सोडून द्या. मृत माणसं दिसणाऱ्या एका मुलावर उपचार करणारा डॉक्टर स्वतःच मेलेला आहे, हे अगदी शेवटी कळतं. असिए झदबूद, हॅसन आणि सहकाऱ्यांनी या सिनेमाची संपादित आवृत्ती तीन गटांना दाखवली. एका गटाला शेवटची कलाटणी दिसली, दुसऱ्याला ती सुरुवातीलाच सांगून टाकली, तिसऱ्याला ती कळलीच नाही. मग प्रत्येकाला मेंदूचं चित्रण चालू असताना एकेक प्रसंग आठवून सांगायला लावलं.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. कलाटणी शेवटी कळलेल्यांनी ते प्रसंग पाहिले होते ‘डॉक्टर जिवंत आहे’ असं समजून. आठवताना मात्र, घटनांचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या काही भागांतला त्यांचा नकाशा गुपित आधीच ठाऊक असलेल्या गटाच्या नकाशाकडे सरकला. म्हणजे डोळ्यांनी जे कधी त्या अर्थाने पाहिलंच नव्हतं, ते आठवणीत नव्या अर्थाने लिहिलं गेलं होतं. चांगल्या कलाटणीत शेवट पाहताना मागचा सगळा सिनेमा दुसऱ्यांदा घडतो, तोही तिकीट न काढता.

पण इथे एक बारकावा आहे आणि माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. या सिनेमात आपण घाबरतो ते त्या मुलासाठी. त्याला दिसणारी माणसं खरंच मेलेली आहेत, हे कलाटणीनंतरही खरंच राहतं. कलाटणी पडते ती शेजारच्या माणसावर, डॉक्टरवर. ज्या गोष्टीची धास्ती घातली तिला हात न लावता, तिच्या बाजूला असलेल्या गोष्टीचा अर्थ बदलला. म्हणून आधीची भीती वाया जात नाही, उलट तिला सोबत मिळते.

आता बिघडलेली कलाटणी बघा. वाड्यात दीड तास बाई रडते, दारं आपटतात, दोन माणसं मरतात आणि शेवटी नायक अंथरुणात उठून बसतो: स्वप्न होतं. किंवा पुतण्याने इस्टेटीसाठी टेपरेकॉर्डर लावला होता. ज्याची धास्ती घातली तेच खोटं ठरवलं. धक्का बसतो, पण हाती काही लागत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या आणि १९९७ पर्यंत नीट उलगडलेल्या प्रयोगांत याचं मूळ सापडतं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या चेतापेशी उसळत. रसाआधी दिवा लागतो हे त्याला कळलं की त्या दिव्यालाच उसळत, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई. माकड आणि प्रेक्षक एक नव्हेत, पण हा ‘खाली जाण्याचा’ अनुभव स्वप्नवाल्या शेवटानंतर थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मी ओळखतो. दीड तास दिवा लागलेला होता.

त्यात शेवटाचा आठवणीवर अंमल मोठा. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंश थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेवढंच, आणि वर ३० सेकंद जास्त, पण तेव्हा पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलेलं. पुन्हा कोणतं करायचं, यावर बहुतेकांनी लांबचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट किंचित बरा होता. शेवट सुसह्य झाला तर आधीचा त्रासही सुसह्य आठवतो, आणि शेवटाने फसवलं तर आधीचा चांगला तासही फसवणुकीच्या खात्यात जातो.

अहिराणीत व्हिडिओ आणि छोटे सिनेमे करणारी पोरं आज धुळ्या-जळगावात गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांचं काम लाखो लोक पाहतात. भयकथा करणाऱ्यांना मला एक अडचण सांगायची आहे. शेवट माहीत असलेल्या माणसाला, त्या शेवटाकडे नेणाऱ्या खुणा इतरांना किती दिसतील याचा अंदाज येत नाही. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिकत लोकांना वाचायला दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे निकाल सांगितले. ज्याला जो निकाल सांगितला, तोच त्याला आधीपासून अटळ दिसत होता. लेखकाचंही असंच होतं. आपली खूण फार उघड आहे असं वाटून तो ती पुसतो, मग कलाटणी आभाळातून पडते. उपाय साधा आहे: शेवट ठाऊक नसलेल्या माणसाला कच्चा सिनेमा दाखवायचा आणि मध्येच थांबवून विचारायचं, ‘आते काय व्हई?’ त्याच्याकडे एकही उत्तर नसेल तर धास्ती कमी पडली. एकच उत्तर असेल आणि ते बरोबर असेल, तर कलाटणी फुटली. दोन उत्तरांत तो अडकला तर गोष्ट जमलीय.

मग गोष्ट फोडली तर मजा जाते का? सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लेविट आणि ख्रिस्तेनफेल्ड यांनी २०११ मध्ये १२ लघुकथांवर हे तपासलं, तर वाचकांना आधीच फोडलेल्या कथा जास्त आवडल्या. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांना उलट दिसलं: न फोडलेल्या कथा अधिक रंजक आणि उत्कंठेच्या वाटल्या. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. गोष्ट कशावर उभी आहे, यावर ते ठरतं. खान्देशातल्या जत्रांत तमाशाच्या वगात हरिश्चंद्राने तारामतीवर तलवार उगारली की शेवट तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या बायाही पदर तोंडाशी धरतात. देव येणार हे त्यांना माहीत असतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी या कोड्याचा अभ्यास केला आहे: कथेत शिरलेलं मन आपल्याच आठवणीकडे प्रत्येक वेळी विचारायला जात नाही, ते त्या क्षणापुरतं पुन्हा अनभिज्ञ होतं. धास्तीवर उभी असलेली गोष्ट फोडली तरी टिकते. नुसत्या गुपितावर उभी असलेली एका वाक्यात संपते.

मला जास्त नुकसान करणारं वाटतं ते वेगळंच: शेवट न सांगता ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ एवढं सांगणं. ते ऐकलेला माणूस पहिल्या प्रसंगापासून तपासनीस होतो. नायकाशी दुसरं कुणी बोलतंय का, आरशात त्याचं प्रतिबिंब आहे का, चहाचा कप कुणी उचलला, हे तो टिपत बसतो. मुलगा जिना चढून वर चाललाय आणि वर कुणीतरी आहे, याकडे त्याचं लक्षच नसतं. ‘द सिक्स्थ सेन्स’चे दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन यांच्या पुढच्या सिनेमांना येणाऱ्या कितीतरी प्रेक्षकांचं हेच झालं. ते घाबरायला न येता पकडायला येऊ लागले. पोस्टरवर ‘शेवट तुम्हाला हादरवून टाकेल’ असं छापणारे निर्माते आपल्याच दिग्दर्शकाची पहिली ९० मिनिटं विकून टाकतात.