केमोनंतरचे बधिर पाय आणि तोल सावरण्याचा व्यायाम

चालताना पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. ब्लाउजचे हूक लागता लागत नाहीत. रात्री चादरीचा नुसता स्पर्श झाला तरी तळव्यांची आग होते. केमोथेरपी घेणाऱ्या कित्येक रुग्णांच्या या तक्रारी घरात ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ म्हणून बाजूला पडतात. पण ही नसांना झालेली इजा असते. 2014 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, केमो संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे 68 टक्के रुग्णांना हा त्रास असतो. सहा महिने उलटल्यावरही तो सुमारे 30 टक्क्यांत टिकून राहतो.

सुरुवात पायाच्या बोटांपासूनच का होते? पायाची संवेदना वाहणाऱ्या पेशी कमरेत, मणक्यालगतच्या नसांच्या नैसर्गिक गाठींमध्ये असतात आणि त्यांचे तंतू थेट अंगठ्यापर्यंत, जवळपास मीटरभर जातात. तंतूच्या टोकाला लागणारी प्रथिनं मुख्यतः पेशीत तयार होतात आणि तंतूतल्या रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून तिथवर पोचतात. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं कर्करोगाच्या पेशींचं विभाजन रोखतात ती याच सूक्ष्मनलिकांवर घाव घालून. त्यात नसांमधली वाहतूकही विस्कळीत होते आणि सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं. ऑक्झॅलिप्लॅटिनसारखी प्लॅटिनमयुक्त औषधं तर मणक्यालगतच्या त्या गाठींमध्येच साचतात, कारण मेंदूला मिळणारं रक्तातल्या द्रव्यांपासूनचं संरक्षण या गाठींना नसतं. म्हणून शेवटच्या सलाइननंतरही काही महिने मुंग्या वाढत जाऊ शकतात. त्याने रुग्ण फार घाबरतात, आणि ही शक्यता त्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवायला हवी.

औषधांची बाजू लंगडी आहे. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन या एकाच औषधाची शिफारस केली. त्रास होऊच नये म्हणून देण्याजोगं एकही औषध सुचवलं नाही.

म्हणूनच 2024 साली प्रसिद्ध झालेली जर्मनीतली चाचणी मला मोलाची वाटते. ऑक्झॅलिप्लॅटिन किंवा व्हिन्क्रिस्टिनच्या गटातली औषधं घेणारे 158 रुग्ण तिच्यात होते. काहींना केमोसोबतच आठवड्यातून दोनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, काहींना कंप पावणाऱ्या फळीवर उभं केलं, उरलेल्यांवर नेहमीचे उपचार झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे 70 टक्के जणांना नसांचा त्रास झाला. फळीच्या गटात हे प्रमाण 41 टक्के होतं, तर तोलाच्या व्यायामाच्या गटात 30 टक्के. चाचणी लहान आहे, शिवाय ती त्रास टाळण्याबद्दल आहे. जुना बधिरपणा व्यायामाने पूर्ण जातो, असं तिच्यावरून म्हणता येणार नाही. पण केमो संपेपर्यंत नुसतं पडून राहायचं, ही आपल्याकडची समजूत बदलायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

हा व्यायाम दिसायला अगदी साधा. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभं राहायचं, म्हणजे गरज पडली तर हात टेकता येतो. आधी दोन्ही पावलं जुळवून वीस-तीस सेकंद. ते जमलं की एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून. मग एका पायावर, आणि पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मऊ गादीवर. घोटे थरथरतात, पाऊल सतत आपली जागा शोधत राहतं. ती धडपडच कामाची असते, कारण नसांकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या संदेशांवर तोल सावरायची सवय मेंदू आणि स्नायूंना तिच्यातूनच लागते. जोडीला चालणं आणि रबरी पट्टा ताणणं ठेवावं. अमेरिकेत 355 रुग्णांच्या चाचणीत ज्यांनी सहा आठवडे हे घरच्या घरी केलं, त्यांच्या मुंग्या आणि हातापायांतला गरम-गार चटका तुलनेने कमी राहिला.

ताप असेल, प्लेटलेट घसरल्या असतील, चक्कर येत असेल किंवा कर्करोग हाडात पोचला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये. पाय बधिर असतील तर आंघोळीचं पाणी आधी कोपराने बघावं आणि रोज रात्री तळवे तपासावेत. काच रुतली तरी कळत नाही. शाकाहारी असाल तर बी-12 तपासून घ्या, मधुमेह असेल तर तोही सांगा, कारण दोन्हींमुळे नसा आधीच कमजोर झालेल्या असू शकतात. आणि मुंग्या सुरू झाल्या की पुढच्या केमोच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. गरज पडली तर डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं.