चीजपासून शेवटच्या अर्ध्या गोळीपर्यंत: नैराश्याच्या औषधांची पथ्यं कशी ठरली

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनायझिड हे क्षयावरचं औषध देऊन पाहिलं, तर खाटेला खिळलेली माणसं हसतखेळत वावरू लागली. म्हणजे नैराश्यावरच्या औषधांची सुरुवातच एका दुष्परिणामातून झाली, फक्त तो हवासा होता. पुढे यकृताला इजा होऊ लागल्याने ते मागे पडलं; त्याच्याच एमएओआय गटातली (मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम अडवणारी) इतर औषधं राहिली.

त्यांची खोड जेवणाच्या ताटात सापडली. याच गटातलं ट्रॅनिलसिप्रोमिन घेणाऱ्या आपल्या पत्नीचं डोकं चीज खाल्ल्यावर भयंकर ठणकतं, असं इंग्लंडमधल्या एका फार्मासिस्टने कळवलं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या बॅरी ब्लॅकवेल यांनी त्याचा पाठपुरावा करून १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चीजवर बोट ठेवलं. मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचं, रक्तदाब चढवणारं रसायन असतं. एरवी आतडी आणि यकृत ते मोडून टाकतात. पण त्यासाठी लागणारं एन्झाइमच या गोळीने बंद पडतं. मग टायरामिन थेट रक्तात जातं आणि रक्तदाब एकदम चढतो, कधी मेंदूत रक्तस्राव होण्याइतका. (ताज्या पनीरला ही भीती फारशी नाही. खरी भीती मुरलेल्या, आंबवलेल्या पदार्थांची.)

रोलांड कून यांनी १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधून मांडलेल्या इमिप्रामिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या गटातल्या औषधाचा त्रास वेगळा: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, उठताना अंधारी. बरेचदा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायची पद्धत त्यामुळेच पडली. म्हाताऱ्या माणसाने पहाटे आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसावं, मग उठावं.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली आणि तक्रारी पोटाकडे सरकल्या. सेरोटोनिन हे पेशींमधलं निरोप पोचवणारं रसायन, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून सुरुवातीला मळमळ होते. गोळी खाल्ल्यावर घेतली तर ती सुसह्य होते आणि सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी. लैंगिक तक्रारी आधीच्या चाचण्यांत कमी दिसल्या, कारण कुणी थेट विचारलंच नव्हतं. वृद्धांत, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून न देता रक्त तपासून घ्यावं.

गोळी सोडताना होणाऱ्या त्रासाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलेलं गणित असं: फ्लुओक्सेटिनसारखंच सिटॅलोप्रॅम हे औषध २० मिलिग्रॅमला मेंदूतले सुमारे ८० टक्के सेरोटोनिन-वाहक (सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारी प्रथिनं) अडवतं, ९ ला ७०, आणि अवघ्या २.३ ला ४०. म्हणजे वीसवरून दहावर येणं सोपं. खरा कडा शेवटच्या अर्ध्या गोळीनंतर. तिथे चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात आणि आजार उलटला असं वाटतं. एक दिवसाआड गोळी हा घरगुती उपाय इथे फसतो, कारण औषधाची पातळी रोज वरखाली होते. फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस टिकतं, म्हणून ते त्याला अपवाद. बाकीच्यांसाठी डॉक्टरांकडून द्रवरूप औषध लिहून घ्यावं, आणि दर खेपेला मूळ डोसाच्या नव्हे, तर त्या वेळी चालू असलेल्या डोसाच्या ठरावीक टक्क्याने कपात करावी.